खरूज, हौदाचं पाणी आणि तासभर आभाळ

पुण्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. धाकटा भाऊ चोवीस वर्षांचा, चार महिन्यांपासून न्यायालयीन कोठडीत, खटला अजून उभा राहिलेला नाही. आधी पेठेतल्या तालमीत रोज जायचा. आता मुलाखतीला, म्हणजे कारागृहातल्या भेटीला, समोर येतो तेव्हा सारखा खाजवत असतो, रात्री झोप नाही म्हणतो. अंघोळीला हौदावर तीन-चार मग पाणी मिळतं, तेही नंबर लागला तर. व्यायाम सोडलाय. ताईंनी मेडिकलमधून एक मलम आणून गेटवर दिलं, ते परत आलं. त्या विचारतात: अंघोळ, साबण, मोकळ्या हवेत फिरणं हे आतल्या माणसाला हक्कानं मिळतं की कुणाच्या मर्जीनं? आणि तक्रार केली तर भावालाच त्रास होईल का?

ताई, मी त्वचारोगांची डॉक्टर आहे. पुण्यात प्रॅक्टिस करताना वीसेक वर्षं निरनिराळ्या कारागृहांत तपासणीला जात आले, आधी शिबिरांपुरती, मग ठरलेल्या वारी. तुमचा भाऊ कुठल्या कारागृहात आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि त्याची गरजही नाही. मी सांगतेय ते सगळीकडे लागू आहे.

तुमच्या पत्रात खाज, अंघोळ आणि व्यायाम वेगवेगळे आलेत. आत ते वेगळे राहत नाहीत. मी पोरांना विचारायचे, "अंगानं एवढा चांगला होतास, जोर-बैठका का सोडल्यास?" उत्तरात आळस क्वचितच असायचा. "मॅडम, घाम आला तर धुवायचा कशानं?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते मला रोगाच्या लक्षणासारखं वाटतं. पाणी नाही म्हणून घाम नको, घाम नको म्हणून हालचाल नको, हालचाल नाही म्हणून झोप नाही, आणि झोप नाही म्हणून रात्रभर खाजवणं. त्यामुळे मागणी करायची ती या सगळ्याची एकत्र, आजाराच्या कारणानं आणि एकट्या भावासाठी न करता अख्ख्या बराकीसाठी. पुढे जे लिहिते ते याच एका सल्ल्याचा विस्तार आहे.

आधी खाज. ती रात्री वाढत असेल. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाच्या आतल्या बाजूला, काखेत, कमरेला नाडी बसते तिथे, जांघेत आणि लिंगावर बारीक पुरळ असेल. शेजारी झोपणारेही खाजवत असतील, तर खरूज असण्याची शक्यता फार मोठी. नक्की काय ते डॉक्टरांनी पाहूनच ठरवायचं. खरजेचा किडा नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करते आणि त्यात अंडी घालते. पसरते ती अंगाला अंग बराच वेळ लागून. सतरंजीला सतरंजी लावून झोपणाऱ्या माणसांत तिला दुसरं काही लागत नाही.

खरूज म्हणजे अस्वच्छ माणसाचा आजार, असं लोक समजतात. त्यामुळे आतली मुलं ती लपवतात, आणि लपवल्यानं ती वाढते. दिवसातून दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही शेजाऱ्याकडून खरूज होते. नुसत्या पाण्या-साबणानं ती बरीही होत नाही. मग पाण्याचा संबंध कुठे येतो? खाजवून झालेल्या ओरखड्यांत. ते धुतले गेले नाहीत की पिकतात, पू धरतात, ताप येतो. पिकलेल्या खरजेतल्या जंतूंमुळे पुढे मूत्रपिंडांना सूज आलेले रुग्णही मी पाहिलेत. चेहरा सुजला, लघवी कमी झाली, लालसर झाली, तर तो दिवस वाया घालवायचा नसतो.

आता माझी चूक सांगते, कारण तुमच्या भावाच्या बराकीतही ती होण्याचा धोका आहे. सुरुवातीच्या काळात एका जिल्हा कारागृहात आम्ही शिबिर घेतलं. रांगेत ज्यांना खाज होती त्यांना मलम दिलं, कसं लावायचं ते सांगितलं, नावं लिहून घेतली. तीन-चार आठवड्यांनी गेले तर बहुतेक तेच चेहरे रांगेत. मलम खोटं आहे असं तिथले लोक म्हणू लागले. मलम चांगलं होतं. किडा पहिल्यांदा अंगावर आला की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे ज्या दिवशी आम्ही औषध दिलं त्या दिवशी बराकीत खाज नसलेली, पण किडा असलेली कितीतरी माणसं होती. त्यांना आम्ही विचारलंही नव्हतं. बरे झालेले पुन्हा त्यांच्याच शेजारी झोपले. आणि ज्याला आधी होऊन गेलीय त्याला दुसऱ्या खेपेला खाज काही दिवसांतच सुरू होते.

दुसऱ्या वेळी तिथल्या अधीक्षकांशी आधी बसून बोलले. एका रात्री पूर्ण बराक, खाज असो-नसो. मानेपासून तळपायापर्यंत, बेंबी, नखांच्या खाली, बोटांच्या बेचक्या, काही न सोडता परमेथ्रिनचं मलम, आठ ते चौदा तास अंगावर ठेवून सकाळी अंघोळ. सात दिवसांनी पुन्हा तसंच. जिथे मलम पुरत नाही तिथे आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनाप्रमाणे, आठवडा-दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन वेळा. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना त्या देत नाहीत. बराकीवर ड्युटी असलेल्या शिपायांनाही औषध दिलं, कारण त्यांच्या घरी पोरं होती आणि तीही खाजवत होती.

उरला प्रश्न कांबळ्यांचा. शंभर कांबळी धुवायला पाणी कुठून आणणार? इथे एक गोष्ट कामाला येते: माणसाच्या अंगाबाहेर हा किडा साधारण दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. म्हणून कांबळी धुतली नाहीत. प्लास्टिकच्या पोत्यांत घट्ट बांधून तीन दिवस बाजूला ठेवली, मग उन्हात टाकली. तेवढ्यापुरती जुनी, न वापरलेली कांबळी स्टोअरमधून काढून दिली. अंगावरचे कपडे मात्र धुवावे लागले, आणि त्यासाठी अधीक्षकांनी दोन दिवस हौदाला जास्तीचं पाणी सोडलं.

त्या दिवशी मला एक पाहायला मिळालं ते अजून डोळ्यांसमोर आहे. कांबळी अंगणात पसरायची म्हणून बराक दिवसभर उघडी होती. माणसं बाहेर होती. थोडा वेळ सगळे भिंतीच्या सावलीला बसून राहिले. मग कुणीतरी चकरा मारायला लागला, त्याच्यामागे दहा-बारा जण, आणि चारच्या सुमारास तीनशे दोनच्या आरोपापासून पाकीटमारीपर्यंतची सगळी पोरं कबड्डी खेळत होती. पाणी होतं म्हणून घामाची चिंता नव्हती. दुसऱ्या दिवशी रात्रपाळीचा शिपाई मला म्हणाला की इतकी शांत बराक त्यानं महिन्यांत पाहिली नव्हती.

तुमचं परत आलेलं मलम. ताई, कृपा करून पुन्हा तसं पाठवू नका. "खाजेचं मलम" म्हणून दुकानात जे सर्रास मिळतं त्यात बऱ्याचदा तीव्र स्टेरॉइड मिसळलेलं असतं. खाज दोन दिवस थांबते, आणि खाली खरूज किंवा गजकर्ण निर्धास्त पसरत राहतं. मग ते ओळखणंही अवघड होतं. कपड्यांत दडवून तर काहीच पाठवू नका. १८९४ च्या तुरुंग अधिनियमाच्या कलम ४२ नं मनाई असलेली वस्तू आत पोचवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बाहेरचं औषध द्यायचंच असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडून, कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करून, त्यांच्या हातून.

आता हक्काचं. अंघोळ आणि मोकळी हवा या मेहेरबानीच्या गोष्टी आहेत असं आत आणि बाहेर दोन्हीकडे मानलं जातं. कायदा तसं म्हणत नाही. १९७८ साली सुनील बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की माणूस तुरुंगात गेला म्हणून त्याचे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत; कैदेमुळे अपरिहार्यपणे जेवढं जातं तेवढंच जातं, बाकीचं त्याचंच असतं. १९९६ च्या राममूर्ती निकालात याच न्यायालयानं तुरुंगांच्या मोठ्या दुखण्यांची यादी केली, त्यात गर्दी आणि आरोग्य-स्वच्छतेची हेळसांड ही दोन्ही होती. संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांमध्ये, म्हणजे २०१५ साली सुधारून घेतलेल्या किमान मानकांत, हवामान आणि ऋतूप्रमाणे लागेल तितक्या वेळा अंघोळ, पाणी आणि स्वच्छतेचं सामान आणि बाहेरचं काम नसलेल्या प्रत्येकाला रोज किमान एक तास मोकळ्या हवेत व्यायाम असं लिहिलं आहे. शिक्षा म्हणून वेगळं ठेवलेल्यालाही या गोष्टी नाकारता येत नाहीत.

केंद्रीय गृह मंत्रालयाची २०१६ ची आदर्श कारागृह नियमपुस्तिका आकडेच देते. रात्री बराकीत दहा माणसांमागे एक शौचालय, दिवसा सहांमागे एक. दहांमागे एक आडोशाचं न्हाणीघर. माणशी दिवसाला सुमारे १३५ लिटर पाणी, म्हणजे शौचालय, कपडे, पिणं, अंघोळ सगळं धरून सात-आठ बादल्या. झोपायला माणशी ३.७१ चौरस मीटर जागा. ही पुस्तिका राज्यांसाठी मार्गदर्शक आहे, थेट कायदा नाही, पण अर्जात तिचा आधार घेता येतो आणि न्यायाधीश तो ऐकतात.

मग पाणी जातं कुठे? ते वाटलं जातं. आपल्या येरवड्याचंच घ्या. १८७१ चं कारागृह, मंजूर क्षमता अडीच हजारांच्या आसपास, आणि गेल्या काही वर्षांत आत असतात त्याच्या दुपटीहून जास्त माणसं. पन्नास जणांच्या बराकीत शंभर झाले की पाच शौचालयांत वीस-वीस जणांची रांग लागते. प्रत्येकी पाच मिनिटं धरा. शेवटच्याचा नंबर दीड तासानंतर. हौदाला पाणी तेवढ्याच वेळेपुरतं असेल तर तो माणूस अंघोळ सोडून देतो, नाहीतर शौचाला जायला नको म्हणून कमी खातो. कमी पाणी पिणारे तर मी कितीतरी पाहिले, मुतखडे आणि मूळव्याध घेऊन येणारे. हा सगळा छळ कुणी मुद्दाम करत नाही, रजिस्टरात तो कुठेही दिसत नाही. तरी तो रोज होतो.

देशातल्या कैद्यांपैकी चारातले तीन जण न्यायाधीन आहेत, म्हणजे दोष सिद्ध न झालेले. सक्तमजुरीची शिक्षा झालेला माणूस कारखान्यात जातो, सुतारकाम करतो, बागेत खणतो. निवडक शिक्षाबंदींना खुल्या कारागृहात शेतीही मिळते. तुमच्या भावासारख्या न्यायाधीन मुलाला काम लावता येत नाही, हे त्याच्या संरक्षणासाठीच आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की बराक आणि बराकीपुढचं अंगण यापलीकडे त्याचे पाय जात नाहीत. संध्याकाळी दिवस मावळायच्या सुमारास बराकीला कुलूप लागलं की ते उजाडेपर्यंत. दुपारीही काही तास आत. कायद्यानं ज्याला निर्दोष धरलंय त्याचं शरीर सगळ्यात लवकर गंजतं. मंडेला नियमांतला तो एक तास नेमका याच माणसासाठी लिहिलेला आहे.

भावाला व्यायाम पुन्हा सुरू करायला सांगा, पण सांभाळून. तालमीतला गडी चार महिन्यांनी जोश आला म्हणून एका दमात पाचशे बैठका मारतो, तेही उन्हाळ्यात, कमी पाणी पिऊन. स्नायू अचानक तुटतात, त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतं. लघवी कोऱ्या चहासारखी काळसर झाली आणि मांड्या दगडासारख्या दुखत असल्या तर हे झालंय असं समजायचं आणि तडक दवाखान्यात नाव द्यायचं. म्हणून पहिल्या आठवड्यात बारा सूर्यनमस्कार, वीस-पंचवीस बैठका, दहा जोर, एवढंच. दर आठवड्याला थोडं वाढवायचं. सूर्यनमस्काराला एका सतरंजीएवढी जागा पुरते, आणि ती नसेल तेव्हा जागच्या जागी बैठका होतात. सकाळी बराक उघडल्या उघडल्या अंगणात भरभर चकरा. मोठ्या माणसाला आठवड्याला दीडशे मिनिटं दमदार चालणं पुरेसं धरतात, म्हणजे दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं. व्यायाम अंघोळीच्या नंबराच्या आधी बसवायचा, म्हणजे आहे तेवढं पाणी घामाच्या अंगावर पडेल. तीन-चार मगच असतील तर ओल्या पंचानं आधी काखा, जांघा, पायाची बोटं पुसून घ्यायची, साबण तिथेच लावायचा आणि उरलेलं पाणी वरून घ्यायचं. अंग कोरडं करून मगच कपडे. पंचा, लंगोट, वस्तरा कुणाशी वाटून घ्यायचा नाही. तालमीत नायटा कसा एकाचा दुसऱ्याला होतो हे त्याला मी सांगायला नको.

बराकीत वयस्कर लोक असतील तर त्यांनाही त्यानं सोबत घ्यावं. बारा तास एका जागी बसून पाय सुजलेली माणसं मी फार पाहिली. टाचा उचलणं, घोटे फिरवणं, दर तासाला उभं राहून दहा पावलं, एवढ्यानंही फरक पडतो. मधुमेही माणसाची साखर आतल्या जेवणावर सांभाळायला चालणं हे गोळीइतकंच लागतं. आणि कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायला सांगा. कारागृहात क्षयाचं प्रमाण बाहेरपेक्षा कितीतरी जास्त असतं; बंद हवा हे त्याचं एक मोठं कारण.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते. शौचालय आणि गटार कोण साफ करतं, हे भावाला विचारा. एका कारागृहात मी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यानं मान खाली घातली, आणि मला उत्तर कळलं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जातीवरून कामं वाटणं घटनाबाह्य ठरवलं आणि तुरुंगातल्या रजिस्टरांमधला जातीचा रकाना काढायला सांगितला. त्यामुळे तुमच्या भावाला किंवा त्याच्या शेजाऱ्याला आडनाव पाहून झाडू दिला जात असेल, तर तो निमूटपणे सहन करण्याचा विषय नाही. लगेच वकिलाला सांगा.

आता मागायचं कसं. आतमध्ये डॉक्टरच्या लेखी शब्दाला फार वजन असतं आणि त्याचा उपयोग लोक करत नाहीत. १८९४ चा अधिनियम, ज्यावर आपल्याकडची नियमपुस्तकं उभी राहिली, त्याच्या कलम १३ नं कारागृहाच्या स्वच्छतेची जबाबदारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर टाकली आहे. कलम ३७ म्हणतं की डॉक्टरला भेटू इच्छिणाऱ्या कैद्याचं नाव विनाविलंब वर कळवलं पाहिजे, आणि डॉक्टरनं लेखी दिलेल्या सूचना तुरुंगाधिकाऱ्यानं अमलात आणल्या पाहिजेत. कलम ३८ त्याहून पुढे जातं: डॉक्टरची सूचना कैद्याच्या हिस्ट्री तिकिटावर, म्हणजे त्याच्या नावाच्या नोंदपत्रावर, चढते आणि ती पाळली की नाही याची नोंद तुरुंगाधिकाऱ्याला तारखेसह करावी लागते. म्हणून भावानं "पाणी द्या" असं हवालदाराला म्हणत राहण्यापेक्षा दवाखान्यात नाव द्यावं आणि डॉक्टरांना नम्रपणे म्हणावं, "साहेब, औषधासोबत रोजची अंघोळ आणि सकाळचं चालणं तिकिटावर लिहून द्या." एकदा लिहिलं गेलं की ते मागणं राहत नाही, उपचार होतो. कुणाला कोठडीत एकटं ठेवलं असेल तर कलम २९ प्रमाणे चोवीस तासांनंतर रोज डॉक्टर किंवा त्याच्या सहायकानं त्याला भेटायचं असतं. तिथेही हाच मार्ग.

बाहेरून तुम्ही एक अर्ज करा. अधीक्षकांच्या नावे, प्रत वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला. मजकूर असा काहीतरी ठेवा: "माझा भाऊ (नाव, बंदी क्रमांक, बराक) यास व त्याच्या बराकीतील इतर बंद्यांस सुमारे इतक्या आठवड्यांपासून रात्री वाढणारी खाज आहे. हा संसर्गजन्य त्वचारोग असण्याची शक्यता असल्याने संपूर्ण बराकीची तपासणी व सर्वांवर एकाच वेळी उपचार व्हावेत, उपचाराच्या काळात अंघोळीस व कपडे धुण्यास पुरेसे पाणी मिळावे, अंथरूण-पांघरूण उन्हात घालू द्यावे आणि रोज एक तास मोकळ्या हवेत फिरण्याची सोय व्हावी, ही विनंती." कुणावर आरोप नाही, एकट्याचं नाव पुढे नाही, आणि साथ म्हटल्यावर कोणताही शहाणा अधीक्षक ती कागदावर दुर्लक्षित ठेवत नाही, उद्या ती कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत जाते हे त्यालाही ठाऊक असतं. आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच घ्या.

त्रास होईल का, हा तुमचा प्रश्न मी हलका मानत नाही. होऊ शकतो. म्हणूनच पूर्ण बराकीचं, आजाराचं आणि लेखी. फोनवरून किंवा गेटवर भांडून केलेली तक्रार कुणाच्या तरी रागावर संपते. आठवडा-दहा दिवसांत काही झालं नाही तर पुढच्या तारखेला वकिलामार्फत न्यायालयात वैद्यकीय उपचारासाठी अर्ज द्या; न्यायाधीश अधीक्षकांकडून अहवाल मागवू शकतात आणि अहवाल मागितला गेला की तपासणी झालेलीच असते. खासगी वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या माणसाला मोफत वकील हा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा हेल्पलाइन क्रमांक. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही लिहिता येतं, पण तिथे वेळ लागतो. खरजेला तितका वेळ देऊ नका. मोठ्या दवाखान्यात, पुण्यात म्हटलं तर ससूनला, पाठवण्याची गरज पडली तर "गार्ड मिळाला नाही" हे राज्यभर ऐकू येणारं वाक्य तुमच्याही कानावर येईल. तेव्हा न्यायालयाचा आदेश हातात असलेला बरा. येरवड्याहून ससूनचा रस्ता जुना आहे. जानेवारी १९२४ मध्ये गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन कैदी असतानाच तिथे झालं होतं. ती तत्परता फक्त मोठ्या नावांसाठी असायचं काही कारण नाही.

सामानाचं सांगते. न्यायाधीन माणसाला कलम ३१ नुसार स्वतःचे कपडे, अंथरूण आणि गरजेच्या वस्तू बाहेरून घेण्याची मुभा आहे, तपासणी आणि नियमांच्या अधीन. दोन सुती बनियन, दोन सैल हाफपँट, दोन पातळ पंचे द्या. जाड टर्किश टॉवेल वाळत नाही. साबण, टूथपेस्ट कॅन्टीनमधून घेता यावी म्हणून त्याच्या खात्यावर पैसे टाका. आतमध्ये ज्याला मुलाखत नाही, मनीऑर्डर नाही, असा एक तरी मुलगा प्रत्येक कोपऱ्यात असतो. त्याला साबणाची वडी मिळाली नाही तर तुमच्या भावाचीही खरूज जाणार नाही. भावाला सांगा, एक जास्त घे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण महिला कारागृहात कुणी ओळखीचं असेल तर २०१० चे संयुक्त राष्ट्रांचे बँकॉक नियम सॅनिटरी पॅड मोफत आणि पाळीत, गरोदरपणात, अंगावर पाजताना नियमित पाणी, असं सांगतात. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईसोबत आत राहतात, आणि त्यांच्या खरजेचे उपचार वेगळे, वजन पाहून करावे लागतात.

पुढच्या मुलाखतीला गेलात की त्याला बोटं फाकवून हात काचेला लावायला सांगा. बेचक्यांत नवीन फोड आहेत का, जुन्यांवर खपली आहे का, पू आहे का, ते पाहा आणि तारीख घालून वहीत लिहा. औषध नीट लागल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. तेवढ्यावरून औषध फसलं असं म्हणू नका आणि त्यालाही म्हणू देऊ नका. चार आठवड्यांनंतर नवे फोड दिसले, तर बराकीतलं कुणीतरी औषधाविना राहिलंय. मग दुसऱ्या अर्जात तेवढंच लिहा, आणि पहिल्या अर्जाच्या पोचेची प्रत सोबत जोडा.